विवाह परवाना आणि विवाह अभिलेख : न्यूयॉर्क शहराच्या सिटी क्लार्क कार्यालयाची कार्यपद्धती – एक अभ्यास

प्रस्तावना

विवाह हा संस्कार की करार, हा वाद मराठी वाचकाला नवा नाही. धर्मशास्त्र, समाजशास्त्र आणि विधी या तिन्ही अंगांनी त्यावर विपुल लेखन झालेले आहे. मात्र संस्कार असो वा करार, विवाह झाला हे सिद्ध कसे करावयाचे, या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. वस्तुतः निवृत्तिवेतन, वारसाहक्क, पोटगी, पारपत्रावरील नाव, जोडीदारासोबत परदेशी राहण्याचा हक्क अशा अनेक गोष्टींच्या मुळाशी शेवटी एक कागद असतो. तो कागद कोण देतो, कोणत्या अटींवर देतो आणि तो देण्याचे नाकारण्याचा अधिकार कोणाला असतो, यावर सामान्य माणसाचे वैवाहिक जीवन अनेकदा अवलंबून राहते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा कागद प्रामुख्याने स्थानिक स्वराज्य संस्थेच्या एका अधिकाऱ्याकडून मिळतो. बहुसंख्य राज्यांत तो काउंटी क्लार्क असतो, तर न्यूयॉर्कसारख्या राज्यात नगराचा किंवा शहराचा क्लार्क असतो. न्यूयॉर्क शहरात हे काम सिटी क्लार्कच्या कार्यालयातील विवाह विभाग करतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या किंवा नोकरी-शिक्षणानिमित्त तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा या व्यवस्थेशी प्रत्यक्ष संबंध येतो. याखेरीज महाराष्ट्रातील विवाह नोंदणीच्या व्यवस्थेकडे तुलनात्मक दृष्टीने पाहण्यासाठीही ती उपयुक्त ठरते. या दुहेरी हेतूने प्रस्तुत लेखाची मांडणी केली आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) विवाह परवाना, विवाह प्रमाणपत्र व विवाह अभिलेख या तीन संकल्पनांतील भेद स्पष्ट करणे.
२) न्यूयॉर्क शहरात परवाना व अभिलेख मिळविण्याची कार्यपद्धती विशद करणे.
३) परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या अधिकारमर्यादा काही महत्त्वाच्या प्रसंगांच्या आधारे तपासणे.
४) महाराष्ट्र व गोव्यातील व्यवस्थेशी या पद्धतीची थोडक्यात तुलना करणे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण

'क्लार्क' या शब्दाने मराठी मनासमोर कचेरीतील कारकून उभा राहतो. न्यूयॉर्कचा सिटी क्लार्क हा त्या अर्थाने क्लार्क नव्हे. तो शहराच्या विधिमंडळाचा, म्हणजे सिटी कौन्सिलचाही क्लार्क असतो. शहराची अधिकृत मुद्रा त्याच्या ताब्यात असते आणि कौन्सिलने केलेल्या कायद्यांचे साक्षांकन तो करतो. आपल्याकडील महानगरपालिकेतील नगरसचिव या पदाशी त्याचे काही अंशी साम्य सांगता येईल. विवाह परवाने देणे हे त्याच्या अनेक कर्तव्यांपैकी एक होय. सामान्य नागरिकाला मात्र तो मुख्यतः याच कामामुळे ठाऊक असतो.

परवाना, प्रमाणपत्र आणि अभिलेख हे तीन शब्द बोलताना एकमेकांच्या जागी वापरले जातात. विधिदृष्ट्या मात्र त्यांत मोठा भेद आहे. परवाना हा विवाहापूर्वीचा दस्तऐवज होय. संबंधित दोन व्यक्तींच्या विवाहास कायद्याची हरकत नाही, एवढेच तो सांगतो. तो मिळाला म्हणजे विवाह झाला असे नव्हे. परवाना काढून विवाह न करणाऱ्या जोडप्याचा परवाना मुदत संपताच निरुपयोगी होतो. प्रमाणपत्र हा विवाहानंतरचा दस्तऐवज होय. विवाह झाला आणि त्याची नोंद झाली, असे तो सांगतो. अभिलेख म्हणजे कार्यालयाच्या दप्तरी कायम राहणारी मूळ नोंद. प्रमाणपत्र ही या नोंदीची अधिकृत साक्ष असते. ते हरवले तरी अभिलेख शाबूत असल्यास नवी प्रत मिळू शकते. अभिलेखच नसेल तर मात्र विवाह सिद्ध करण्यासाठी छायाचित्रे, साक्षीदार आणि न्यायालय यांचा आधार घ्यावा लागतो.

परवाना मिळविण्याची कार्यपद्धती

अमेरिकेत विवाह हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. त्यामुळे संपूर्ण देशासाठी एकच विवाह कायदा नाही आणि राष्ट्रीय विवाह नोंदवहीही नाही. न्यूयॉर्क राज्यात १ जानेवारी १९०८ पासून विवाहापूर्वी परवाना घेणे आवश्यक झाले. आजची पद्धती त्याच कायद्याच्या सुधारित रूपावर उभी आहे.

न्यूयॉर्क शहराचा विवाह विभाग २००९ पासून मॅनहॅटनमधील १४१, वर्थ स्ट्रीट येथे आहे. शहराच्या अन्य विभागांतही त्याची कार्यालये आहेत. अर्जाची माहिती संगणकाद्वारे आधी भरता येते. त्यानंतर ठरलेल्या वेळी वर व वधू, किंवा दोन्ही जोडीदार, एकत्र उपस्थित राहून ओळखीचा पुरावा सादर करतात. पारपत्र यासाठी चालते. अर्जदार अमेरिकेचे नागरिक असण्याची अट नाही आणि न्यूयॉर्कचे रहिवासी असण्याचीही नाही. शुल्क ३५ डॉलर आहे.

अर्जात नाव, वय, पत्ता, जन्मस्थान, आईवडिलांची नावे व त्यांचे जन्मदेश यांची माहिती भरावी लागते. पूर्वी विवाह झालेला असल्यास तो कसा संपुष्टात आला, घटस्फोट कोठे व केव्हा झाला, हेही नमूद करावे लागते. ही माहिती शपथेवर दिलेली असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अर्जांत वर्णाचाही रकाना असे. वंशभिन्न विवाहांवर बंदी घालणारा कायदा न्यूयॉर्क राज्याने कधीही केला नाही, तरीही हा रकाना भरून घेतला जात होता, ही बाब लक्षणीय आहे.

विवाहयोग्य वयाचा प्रश्नही याच टप्प्यावर तपासला जातो. न्यूयॉर्क राज्यात २०१७ पर्यंत न्यायालयाच्या व पालकांच्या संमतीने चौदा वर्षांच्या मुलीचाही विवाह होऊ शकत असे. २०१७ मध्ये ही मर्यादा सतरा वर्षांवर आली आणि २०२१ च्या कायद्याने कोणताही अपवाद न ठेवता ती अठरा वर्षे करण्यात आली. बालविवाह ही केवळ आपल्याकडील समस्या आहे असे मानणाऱ्यांनी या तारखा ध्यानात घ्याव्यात.

विवाहानंतर कोणते आडनाव लावावयाचे याची निवडही अर्जातच करावी लागते. जोडीदाराचे आडनाव, स्वतःचे पूर्वीचे आडनाव किंवा दोहोंचा संयोग असे पर्याय असतात. नाव न बदलणे हाही पर्याय आहेच. मराठी कुटुंबांच्या दृष्टीने हा रकाना विशेष महत्त्वाचा ठरतो. आपल्याकडे विवाहानंतर स्त्रीचे आडनाव आणि मधले नाव अशी दोन्ही बदलण्याची रूढी आहे. काही घरांत तर पहिले नावही बदलले जाते. पारपत्रावर एक नाव, पदवी प्रमाणपत्रावर दुसरे आणि विवाह नोंदीत तिसरे अशी स्थिती झाल्यास पुढे प्रत्येक ठिकाणी खुलासा करावा लागतो. म्हणून हा रकाना भरण्यापूर्वी कुटुंबात विचार झालेला असणे हिताचे असते.

परवाना मिळाल्यापासून चोवीस तास विवाह करता येत नाही. न्यायाधीशाच्या आदेशाने ही प्रतीक्षा माफ होऊ शकते. परवान्याची मुदत साठ दिवसांची असते. सैन्यात प्रत्यक्ष सेवेत असलेल्यांसाठी ती १८० दिवसांची आहे. हा परवाना न्यूयॉर्क राज्याच्या हद्दीतच चालतो. न्यूयॉर्कमध्ये राहणारी अनेक मराठी कुटुंबे विवाहसोहळ्यासाठी शेजारच्या न्यू जर्सी राज्यातील सभागृह निवडतात. अशा वेळी परवाना न्यू जर्सीचा लागतो आणि तेथे प्रतीक्षेचा काळ ७२ तासांचा आहे. पंचांगातील मुहूर्त आणि परवान्यावरील वेळ या दोहोंचा मेळ घालणे हे अशा कुटुंबांतील वडीलधाऱ्यांपुढील खरे काम होऊन बसते.

विवाहविधी आणि नोंद

परवाना मिळाल्यानंतर विवाह कोणत्या पद्धतीने लावावयाचा हे जोडप्याच्या इच्छेवर असते. सिटी क्लार्कच्या कार्यालयातच २५ डॉलर शुल्क भरून काही मिनिटांत नागरी विवाह लावून घेता येतो. धार्मिक पद्धतीने विवाह करावयाचा असल्यास धर्मगुरू तो लावू शकतात. मात्र न्यूयॉर्क शहरात विवाह लावणाऱ्या व्यक्तीची सिटी क्लार्ककडे नोंदणी झालेली असावी लागते. हा नियम मंदिरातील पुरोहितांनाही लागू आहे. विवाहसमयी किमान एक साक्षीदार आवश्यक असतो.

सप्तपदी झाली, अक्षता पडल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने एक काम शिल्लक राहते. विवाह लावणारा, साक्षीदार आणि दोन्ही जोडीदार परवान्यावर स्वाक्षऱ्या करतात. हा परवाना पाच दिवसांच्या आत संबंधित क्लार्कच्या कार्यालयाकडे परत पाठविण्याची जबाबदारी विवाह लावणाऱ्याची असते. तो पोहोचल्यावर विवाहाची नोंद होते आणि नोंदणीचे प्रमाणपत्र जोडप्याला टपालाने मिळते. म्हणजे विवाहापूर्वी परवानगीचा असलेला कागदच विवाहानंतर पुराव्याचा आधार बनतो. या व्यवस्थेचे हे वैशिष्ट्य होय. विवाह करणारे जोडपे नोंदणीसाठी पुन्हा कार्यालयात येईल की नाही, हा प्रश्नच येथे उरत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोना साथीमुळे हे कार्यालय बंद पडले, तेव्हा या व्यवस्थेची कसोटी लागली. विवाह थांबल्याने अनेकांच्या आरोग्यविम्याचे व स्थलांतराचे प्रश्न अडले. एप्रिल २०२० मध्ये राज्यपालांच्या आदेशाने दूरदृश्य पद्धतीने परवाना देण्यास व विवाह लावण्यास अनुमती मिळाली आणि मे महिन्यात शहराने 'प्रोजेक्ट क्यूपिड' या नावाने संगणकाधारित सेवा सुरू केली. समक्ष हजेरी हा ज्या पद्धतीचा कणा मानला जात होता, तो कणाही लवचिक असू शकतो, हे त्यातून दिसून आले.

अभिलेखाची प्रत आणि गोपनीयता

न्यूयॉर्क शहरातील विवाह अभिलेख वयोमानानुसार दोन ठिकाणी विभागलेले आहेत. १९५० पासूनचे अभिलेख सिटी क्लार्ककडे असतात. १९४९ पर्यंतचे अभिलेख महापालिकेच्या अभिलेखागाराकडे, म्हणजे म्युनिसिपल आर्काइव्हजकडे आहेत. तेथे शहराच्या आरोग्य विभागाने १८६६ पासून केलेल्या नोंदी आणि १९०८ पासूनचे परवान्यांचे कागद अशा दोन मालिका आढळतात. २०२२ मध्ये या अभिलेखागाराने जन्म, मृत्यू व विवाहाच्या लक्षावधी जुन्या नोंदी संगणकावर विनामूल्य उपलब्ध करून दिल्या. कौटुंबिक इतिहासाच्या अभ्यासकांसाठी ही मोठीच सोय झाली.

अलीकडील अभिलेख मात्र सर्वांना खुले नाहीत. पन्नास वर्षांच्या आतील अभिलेखाची प्रत केवळ त्या जोडीदारांना, त्यांनी लेखी व प्रमाणित अनुमती दिलेल्या व्यक्तीला किंवा न्यायालयीन कामासाठी आवश्यक असल्यास वकिलाला मिळते. पन्नास वर्षे उलटल्यावर अभिलेख सार्वजनिक होतो. जिवंत माणसाचे खासगी जीवन जपावे आणि इतिहास मात्र खुला करावा, असा समतोल या नियमात साधलेला दिसतो.

प्रमाणपत्राचे दोन प्रकार आहेत. एक संक्षिप्त, जो अमेरिकेतील दैनंदिन कामांसाठी पुरेसा असतो. दुसरा विस्तृत, ज्यात अधिक तपशील असतो आणि जो परदेशी वापरासाठी लागतो. न्यूयॉर्कमध्ये झालेल्या विवाहाचा पुरावा भारतात सादर करावयाचा असल्यास हा विस्तृत प्रकारच मागवावा लागतो. त्यावरील सिटी क्लार्कच्या स्वाक्षरीचे साक्षांकन न्यूयॉर्क काउंटीच्या क्लार्ककडून करून घ्यावे लागते. त्यानंतर राज्याचे परराज्य व दस्तऐवजविषयक खाते, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ स्टेट, त्यास 'अपोस्टिल' जोडते. हेग येथील १९६१ च्या करारान्वये सदस्य देश एकमेकांचे अपोस्टिल जोडलेले दस्तऐवज अधिक प्रमाणीकरणाविना स्वीकारतात. भारतासाठी हा करार जुलै २००५ पासून अमलात आहे. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला 'ओसीआय' म्हणून नोंदणी हवी असल्यास विवाह नोंदणीकृत असणे आणि तो किमान दोन वर्षे टिकलेला असणे आवश्यक आहे. यावरून या कागदाचे व्यावहारिक मोल लक्षात यावे. संक्षिप्त प्रमाणपत्र घेऊन भारतात आलेल्या व्यक्तीला केवळ एका कागदासाठी हजारो मैलांवर पत्रव्यवहार करावा लागू शकतो.

परवाना नाकारण्याचा अधिकार

इथपर्यंतचे विवेचन कार्यपद्धतीचे झाले. तथापि परवाना म्हणजे परवानगी, आणि जेथे परवानगी आहे तेथे नकारही संभवतो. अमेरिकेच्या इतिहासात क्लार्कच्या मेजावरचा नकार अनेकदा मोठ्या सामाजिक संघर्षाचे निमित्त ठरला आहे. पुढील चार प्रसंग त्या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

पहिला प्रसंग भारतीयांशी संबंधित आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबातून कॅलिफोर्नियात गेलेल्या अनेक शेतकऱ्यांनी, स्वदेशातून पत्नी आणणे अशक्य झाल्याने, मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांशी विवाह केले. कॅरन लिओनार्ड या अभ्यासिकेने या समाजाचा सविस्तर अभ्यास केला आहे. कॅलिफोर्नियाच्या तत्कालीन कायद्यानुसार गोऱ्या व्यक्तीचा कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय किंवा मंगोल वंशीय व्यक्तीशी विवाह करण्यास परवाना देता येत नसे. पंजाबी मनुष्य नेमका कोणत्या वर्गात मोडतो, याविषयी कायदा स्पष्ट नव्हता. परिणामी काउंटी क्लार्क समोर उभ्या असलेल्या दोघांच्या वर्णाकडे पाहून निर्णय घेत. दोघेही सावळे दिसले तर परवाना मिळे, एरवी जोडप्याला दुसऱ्या काउंटीत किंवा दुसऱ्या राज्यात जावे लागे.

दुसरा प्रसंग १९४८ चा. लॉस एंजेलिस काउंटीत अँड्रिया पेरेझ व सिल्व्हेस्टर डेव्हिस यांना याच कायद्यामुळे परवाना नाकारण्यात आला. मेक्सिकन वंशाची पेरेझ कायद्याच्या लेखी गोरी होती आणि डेव्हिस कृष्णवर्णीय होता. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मताधिक्याने ही बंदी घटनाबाह्य ठरविली. या खटल्यातील प्रतिवादी स्वतः काउंटी क्लार्क होता. त्याने कायदा मोडला नव्हता, कायदाच अन्यायकारक होता. देशपातळीवर अशा सर्व बंदी रद्द होण्यासाठी मात्र लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया या १९६७ च्या निकालापर्यंत वाट पाहावी लागली. रिचर्ड व मिल्ड्रेड लव्हिंग यांनी १९५८ मध्ये वॉशिंग्टन येथे रीतसर परवाना घेऊन विवाह केला होता. व्हर्जिनियातील त्यांच्या घराच्या भिंतीवर टांगलेले ते प्रमाणपत्र त्यांना अटकेपासून वाचवू शकले नाही.

तिसरा प्रसंग २००४ चा. सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरांच्या आदेशावरून १२ फेब्रुवारी ते ११ मार्च या काळात सुमारे चार हजार समलिंगी जोडप्यांना परवाने देण्यात आले. ऑगस्टमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे विवाह निरर्थ ठरविले. कायदा घटनाबाह्य आहे की नाही हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. परवाना देणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला त्याबाबत स्वतःचा निर्णय घेता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

चौथा प्रसंग याच्या नेमका उलट आहे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केल्यानंतर केंटकी राज्यातील रोवन काउंटीच्या क्लार्क किम डेव्हिस यांनी धार्मिक श्रद्धेचे कारण देऊन परवाने देणे थांबविले. न्यायालयाचा आदेश न पाळल्याने त्यांना काही दिवस कारावास भोगावा लागला. नुकसानभरपाईचा वाद पुढे दीर्घकाळ चालला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील ऐकण्यास नकार दिला.

शेवटचे दोन प्रसंग एकत्र ठेवून पाहिले असता एक तत्त्व स्पष्ट होते. उदार हेतूने परवाना देणारा अधिकारी असो की श्रद्धेपोटी तो नाकारणारा अधिकारी असो, दोघांनीही आपल्या पदाची मर्यादा ओलांडली, असेच न्यायालयांचे मत पडले. अटी पूर्ण झाल्या असतील तर परवाना देणे आणि नसतील तर न देणे, एवढेच क्लार्कचे कर्तव्य होय. त्यात त्याच्या पसंती-नापसंतीला स्थान नाही. पहिला प्रसंग मात्र यास पूरक असा वेगळाच धडा देतो. कायद्याचे शब्द जेथे संदिग्ध राहतात, तेथे मेजामागचा मनुष्य नकळत न्यायाधीश होतो.

परवान्याविना झालेला विवाह

परवाना न घेता विवाह केल्यास काय होते, हा प्रश्न न्यूयॉर्कमधील भारतीय समाजाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. केवळ सहजीवनावर आधारलेला विवाह न्यूयॉर्कने १९३३ पासून अमान्य केला आहे. परंतु विवाहविधी यथायोग्य झाला असेल, तर केवळ परवाना नव्हता या कारणाने प्रौढ व्यक्तींचा विवाह निरर्थ ठरत नाही, अशी तरतूद तेथील कायद्यात आहे. परवान्याविना विवाह लावणारी व्यक्ती मात्र गुन्ह्यास पात्र ठरते.

२००१ मध्ये क्वीन्स येथील न्यायालयासमोर असाच एक खटला आला होता. हिंदू पद्धतीने, पाहुण्यांच्या उपस्थितीत विधी झाला होता, परंतु परवाना घेतलेला नव्हता. पुढे तो विवाहच नव्हता, असा युक्तिवाद करण्यात आला. न्यायालयाने विवाह वैध ठरविला. तरीही हा निकाल मिळविण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. 'आधी घरगुती विधी उरकून घेऊ, कागदपत्रे मागाहून पाहू' असे म्हणणे सोपे असते. संबंध बिघडल्यावर त्याची किंमत बहुधा दुर्बल पक्षाला मोजावी लागते आणि तो पक्ष बहुधा स्त्रीचा असतो.

महाराष्ट्र व गोवा : तुलनात्मक दृष्टी

आपल्याकडे हिंदू विवाहाची वैधता विधीवर अवलंबून आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ८ मध्ये नोंदणीची तरतूद आहे, मात्र नोंद नसल्याने विवाहाच्या वैधतेस बाध येत नाही. तत्कालीन मुंबई राज्याने १९५३ मध्येच विवाह नोंदणीचा कायदा केला होता. त्याची जागा महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह मंडळे विनियमन व विवाह नोंदणी कायद्याने घेतली. त्यानुसार विवाहानंतर ९० दिवसांच्या आत तीन साक्षीदारांसह निबंधकाकडे ज्ञापन सादर करावयाचे असते. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी सीमा विरुद्ध अश्वनीकुमार या प्रकरणात सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. बालविवाह व द्विभार्या विवाह रोखणे, तसेच स्त्रियांचे पोटगी व वारसाविषयक हक्क सुरक्षित करणे, हे त्यामागील हेतू होते.

म्हणजे न्यूयॉर्कमध्ये राज्यसंस्था विवाहाच्या आधी भेटते, तर महाराष्ट्रात सामान्यतः विवाहानंतर. आधी भेटल्याने वय व पूर्वविवाह यांची तपासणी विवाहापूर्वी होते. नंतर भेटल्याने ती तपासणी झालेल्या घटनेची होते. बालविवाहाची नोंद नाकारून तो विवाह टळत नाही. दुसरीकडे, नंतरच्या नोंदणीत जोडप्याने आपण होऊन कार्यालयात यावे अशी अपेक्षा असते. गरज पडेपर्यंत, म्हणजे पारपत्र किंवा परदेशगमनाचा प्रसंग येईपर्यंत, पुष्कळ जोडपी ते टाळतात.

विशेष विवाह कायदा, १९५४ खालील विवाहात मात्र आपल्याकडेही राज्यसंस्था आधी भेटते. त्यासाठी किमान एका पक्षाचे त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य असावे लागते. नोटीस कार्यालयात प्रसिद्ध केली जाते आणि ३० दिवसांत हरकत नोंदविण्याची कोणालाही मुभा असते. न्यूयॉर्कमधील चोवीस तासांच्या प्रतीक्षेत जाहीर नोटीस नाही आणि तिऱ्हाइताला हरकतीसाठी निमंत्रणही नाही. आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाह करणाऱ्यांच्या दृष्टीने हा भेद तांत्रिक नसून कधीकधी जीवन-मरणाचा असतो. घरच्यांच्या विरोधाला न जुमानता आलेल्या मुलामुलींसाठी फलकावरची नोटीस म्हणजे आपला ठावठिकाणा जाहीर करणेच होय. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये अशी नोटीस पक्षकारांच्या घरच्या पत्त्यावर पाठविण्याच्या प्रथेस कायद्याचा आधार नसल्याचे स्पष्ट केले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नोटिशीची प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर असावी, असा निर्णय दिला. कायद्यात नसलेली अट कार्यालयीन प्रथेने कशी शिरते, याचे दिल्लीचे प्रकरण हे बोलके उदाहरण आहे. कॅलिफोर्नियातील क्लार्क वर्ण पाहून निर्णय घेत, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

गोव्याची पद्धती या दोहोंच्या मधली म्हणता येईल. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार तेथे विवाहेच्छुक जोडपे प्रथम नागरी निबंधकासमोर आपला उद्देश घोषित करते आणि ठरावीक काळानंतर पुन्हा स्वाक्षरी करून विवाह पक्का करते. धार्मिक विधी त्यास पूरक असतो. विवाह आणि नोंद ही दोन वेगळी कामे न राहता एकाच व्यवहाराची दोन अंगे होतात, हे गोव्याचे न्यूयॉर्कशी असलेले साम्य होय.

निष्कर्ष

१) परवाना विवाहापूर्वीची कायदेशीर पात्रता दर्शवितो, तर अभिलेख विवाह झाल्याचा कायमस्वरूपी पुरावा असतो. न्यूयॉर्कच्या पद्धतीत एकच कागद ही दोन्ही कार्ये साधतो, त्यामुळे नोंद न होण्याचा संभव कमी होतो.
२) नोंद पूर्ण करण्याची जबाबदारी जोडप्यावर न टाकता विवाह लावणाऱ्यावर टाकणे, ही बाब महाराष्ट्रातही विचारात घेण्याजोगी आहे. पुरोहित, काझी, धर्मगुरू व सामुदायिक विवाहांचे आयोजक यांच्याकडे ही जबाबदारी सोपविल्यास नोंदणीचा प्रसार होऊ शकेल.
३) पन्नास वर्षांपर्यंत गोपनीयता आणि त्यानंतर खुलेपणा, हा अभिलेखविषयक समतोल अनुकरणीय वाटतो.
४) परदेशी विवाह झालेल्या मराठी कुटुंबांनी विस्तृत प्रमाणपत्र व अपोस्टिल यांची तजवीज विवाहानंतर लगेच करणे श्रेयस्कर होय.
५) विवाह परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची निष्पक्षता ही त्याच्या सद्गुणावर सोडता येत नाही. अटी स्पष्ट, मोजक्या व लेखी असतील तरच ती शाश्वत राहते.

एकंदरीत पाहता, विवाह परवाना ही वरवर क्षुल्लक वाटणारी कार्यालयीन बाब आहे. परंतु दोन प्रौढ व्यक्ती ओळखपत्र घेऊन मेजासमोर उभ्या राहतात आणि समोरचा अधिकारी त्यांची जात, धर्म, वर्ण वा वंश न पाहता केवळ कायद्याच्या अटी पाहून शिक्का मारतो, तेव्हा त्यांचा नागरिकत्वाचा हक्क प्रत्यक्षात उतरलेला असतो. तेथे शिक्का मिळण्यासाठी पेरेझ व डेव्हिस यांना न्यायालयात जावे लागले. आपल्याकडे एखाद्या आंतरजातीय जोडप्याला आजही नोटिशीच्या फलकाची भीती वाटत असेल, तर १९९८ आणि १९५४ या दोन्ही कायद्यांच्या कार्यपद्धतीचा फेरविचार करण्याची निकड त्यातून सूचित होते.